सात बेचाळीसचं अस्वल

हरणाचे मागचे दोन्ही पाय मोडले होते आणि तरीही ते पुढच्या दोन पायांवर उठू पाहत होतं. उठायचं, कोसळायचं, पुन्हा उठायचं. न्यू जर्सीतल्या रूट फॉर्टी-सिक्सवरचा ट्रॅफिक खोळंबला होता. जिच्या गाडीला ते धडकलं ती बाई कडेला उभी राहून रडत रडत फोनवर बोलत होती. तिच्या मागच्या गाडीतून वसुधा डांगरे उतरली, कठड्याला टेकली, वही उघडली आणि काढू लागली.

"वसुधा, गाडीत बस," काच खाली करून तिचा नवरा म्हणाला. "लोक बघताहेत."

"दोनच मिनिटं हो."

पोलीस आला. त्यानं सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं, पिस्तूल काढलं आणि हरणाच्या कानामागे गोळी घातली. त्या आवाजानं वसुधाचा हात दचकला, कागदावर एक आडवी रेघ उमटली. ती तिनं खोडली नाही. मान कशी पडली, जीभ कुठून बाहेर आली, ते काढलं आणि खाली कोपऱ्यात तारीख आणि वेळ टाकली.

गाडी त्यांच्या गावच्या, पार्सिपनीच्या एक्झिटला लागली तसा देवदत्तनं आरसा सारखा केला. मग म्हणाला, "असं काही दिसलं की माणसं नाइन वन वनला फोन लावतात. तू पेन्सिल काढतेस."

"फोन त्या बाईनं लावलाच होता की."

तिचं ते वाक्य त्याच्या मनातून गेलं नाही.

वसुधा सदुसष्ट वर्षांची. माहेर नागपूरचं. वडील जनावरांचे सरकारी डॉक्टर. मेलेला बैल, विष घातलेली गाय, कधी जंगलातून आणलेलं चितळ, त्यांच्या टेबलावर सगळं यायचं. दवाखान्यात कॅमेरा नव्हता, म्हणून रिपोर्टला जोडायची चित्रं ते शाळेतून आलेल्या मुलीकडून काढून घ्यायचे. "जे दिसतंय तेच काढ. जे माहीत आहे ते नको," असं म्हणायचे. रबरी बूट घालून, रक्ताच्या थारोळ्यापासून हातभर अंतरावर बसून तिनं यकृतं काढली, फुटलेली आतडी काढली. लग्न होऊन न्यू जर्सीत आल्यावर एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं माणसांच्या मांसाचे पातळ काप केले. तारीख-वेळ टाकायची सवय तिथली. नवरा राज्य सरकारातला, पूल तपासणारा इंजिनिअर. मुलगी सावनी ओहायोतल्या डब्लिनला, तिच्या नोकरीत आणि संसारात. घरात दोघंच.

निवृत्तीनंतर कम्युनिटी सेंटरच्या क्लासमध्ये मातीत हात घातला आणि तिथंच ती अडकली. गराजमध्ये भट्टी आली. उठावाच्या चित्रांच्या टाइल्स करण्यात तिचं नाव झालं. म्हणूनच गावाबाहेरच्या टेकडीवरच्या जुन्या घराचं काम तिच्याकडे आलं.

ते घर ओंडक्यांचं आणि दगडांचं. सव्वाशे वर्षांपूर्वी कारखान्यांतून साच्यातल्या गणपतींसारख्या एकसारख्या वस्तू निघू लागल्या, तेव्हा काही लोकांनी वैतागून हातकामाची कास धरली. लाकूड लाकडासारखं दिसू द्या, हातोडीची खूण लपवू नका, वेलबुट्टी काढायची तर आपल्या दारातल्या झाडाची काढा. आधी इंग्लंडात, मग इकडे अमेरिकेत. त्याला आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ म्हणतात. घर त्या काळातलं. तिथल्या मोठ्या शेकोटीवरच्या सात टाइल्स केव्हाच गळून पडल्या होत्या. घर सांभाळणाऱ्या ट्रस्टच्या डोनाला तिथं नव्या हव्या होत्या, याच रानातली सात जनावरं.

"शांत दिसू देत हं," डोना म्हणाली. "लोकांना शेकोटीपाशी बसल्यासारखं वाटलं पाहिजे."

वसुधानं मान डोलावली. पण फोटोवरून एकही जनावर काढायचं नाही, हे तिनं स्वतःशी ठरवलं. शिकार होताना पाहिल्याशिवाय शिकारी जनावराची मान कळत नाही, असं तिचं म्हणणं. तलावाकाठी तासन्‌तास बसून तिनं कोल्हा काढला. त्यानं सशाचं पिल्लू असं झटकलं की कणा तुटल्याचा आवाज तिला ऐकू आला. ससाणा काढला, जिवंत खारीवर पाय रोवून तिच्या पोटातून लालभडक दोऱ्या ओढणारा. कच्च्या चित्रांत रक्त असायचं, टाइलवर नसायचं. टाइलवर कोल्हा नुसता उभा. पण बघणाऱ्याला वाटायचं, हा आत्ता काहीतरी करून आलाय.

सप्टेंबर संपेपर्यंत सहा टाइल्स भाजून तयार झाल्या. सातवं अस्वल. आणि अस्वल काही नीट दिसेना.

पार्सिपनीत अस्वलं येतात, कचऱ्याचे डबे उलथतात, निघून जातात. पण त्या वर्षी ओकची फळं एवढी पडली होती की रानातच त्यांचं भागत होतं. वसुधाला दोनदा नुसता काळा ढुंगणाचा भाग दिसला. डोनाचे ईमेल येत होते. शेवटी एका शनिवारी आयसेलिनला ओक ट्री रोडवर वाणसामान घ्यायला गेली असताना तिनं कच्च्या शेंगदाण्यांची मोठी पिशवी, बेदाणे आणि गूळ जास्तीचा घेतला.

"लाडू करतेस का काय?" देवदत्तनं विचारलं.

"हो, बघते," ती म्हणाली.

अस्वलांना खायला घालणं इथं बेकायदेशीर आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी टाउनशिपचं पत्रक येतं. तरी तिनं मागच्या अंगणात, अवजारांची शेड आणि कुंपण यांच्या मधल्या बोळात, पानांखाली शेंगदाणे पसरले. किचनच्या खिडकीतून ती जागा समोर दिसायची. आठवड्याभरात मादी आली. मोठी, काळीभोर, नाकाडावर भुरकट. मग रोज येऊ लागली, सकाळी साडेसातच्या सुमारास. त्या वेळी देवदत्त वर अंघोळीला असायचा. वसुधा चहा थंड होऊ देऊन काढत राहायची. सतरा दिवसांत चाळीस पानं भरली. इतकी सुंदर चित्रं आपण आयुष्यात काढली नाहीत हे तिला कळत होतं, आणि ती नवऱ्याला दाखवता येत नाहीत हेही.

त्या मंगळवारी देवदत्तनं अंघोळ आधी उरकली. कचऱ्याची गाडी यायची होती. कचऱ्याचं चाकांचं पिंप शेडपाशी होतं ते आणायला तो गराजच्या बाजूनं मागे गेला. वसुधाला तो वरच आहे असं वाटत होतं.

अस्वल बोळात तोंड खुपसून खात होतं. देवदत्त कोपऱ्यावरून वळला, पिंप मागे ओढलं, तसा चाकांचा खडखडाट झाला. अस्वलाच्या मागे आणि एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला शेड, पुढे माणूस. पळायला वाट राहिली नाही. त्यानं फुत्कार टाकला, जमिनीवर पंजे आपटले. देवदत्त मागे सरकायच्या नादात पिंपाला अडखळला आणि पडला. त्याच क्षणी ते त्याच्यावर आलं.

वसुधानं हे सगळं खिडकीतून पाहिलं. खांदा पुढे झेपावताना कातडी कशी सरकते ते पाहिलं. देवदत्तनं तोंडावर आडवा धरलेला हात जबड्यात गेला आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मग पंजा त्याच्या डोक्यावरून फिरला, आणि त्याचे पांढरे केस कातडीसकट एका बाजूला लोंबले. तो ओरडत होता. "वसू! वसू!" लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत तो तिला असं म्हणायचा.

तिचा हात चालू होता. पाच सेकंद असतील. सात असतील. पाठीची रेघ, खांदा, रुतलेला पंजा, खाली झुकलेलं डोकं. मग पेन्सिलचं टोक मोडलं, आणि आपण काय करतोय ते तिच्या ध्यानात आलं.

काउंटरवर माती लाटायचं मेपलचं जाड लाटणं होतं, हातभर लांबीचं. ते घेऊन ती अनवाणी धावली. पहिला घाव अस्वलाच्या पाठीत बसला, त्याला तो कळलासुद्धा नाही. दुसरा नाकाडावर. अस्वलानं देवदत्तचा हात सोडला आणि ते तिच्याकडे वळलं. तोंडाला रक्ताचा फेस, श्वासाला गुळाचा वास. पंजाच्या एका फटक्यानं तिची मांडी उसवली गेली. तिनं तिसऱ्यांदा हाणलं, दोन्ही हातांनी, घशातून कुठला आवाज निघतोय तेही तिला समजत नव्हतं. शेजारचा यतीन, पुण्याहून आलेला आयटीतला पोरगा, ऑफिसला निघाला होता. त्यानं गाडी थेट लॉनवर घातली आणि हॉर्न दाबून धरला. अस्वल कुंपण मोडून रानात गेलं.

"काकू, बसा, काकू, हलू नका," यतीन म्हणत होता. त्यानं अंगातला शर्ट काढून देवदत्तच्या डोक्याला गुंडाळला. शर्ट बघता बघता लाल झाला.

डोक्याला पंच्याण्णव टाके पडले. डावा कान अर्धा गेला. उजव्या हाताची दोन्ही हाडं तीन ठिकाणी मोडली होती, त्यात पट्ट्या आणि स्क्रू बसवले. सावनी रातोरात ड्राइव्ह करून आली आणि हॉस्पिटलातच राहिली. वसुधाच्या मांडीला टाके घालून तिला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

घरी वन्यजीव खात्याचे दोन अधिकारी होते. त्यांनी अंगणात लोखंडी पिंपासारखा सापळा लावला होता. त्यातल्या मोठ्यानं विचारलं, "अंगणात काही खाणं टाकलं होतंत का, मॅडम?"

"नाही," वसुधा म्हणाली.

संध्याकाळी उजेड असतानाच मादी परत आली. ती सापळ्याकडे नाही, आधी सरळ त्या बोळात गेली. पानं थोडी उकरली, चार दाणे खाल्ले आणि मग आमिषाच्या वासानं सापळ्याकडे वळली. दार धाडकन पडलं. आतून ती इतक्या जोरानं धडका देत होती की सापळा जमिनीवर सरकत होता. अधिकाऱ्यानं जाळीतून बंदुकीची नळी आत घातली. पहिल्या गोळीनंतरही पंजे पत्र्यावर खरवडत राहिले. दुसऱ्या गोळीनंतर थांबले. पत्र्याच्या भोकांतून रक्त गवतावर गळत राहिलं. वसुधा किचनच्या खिडकीशी उभी होती. वही तिथंच पडली होती. तिनं ती उचलली नाही.

अधिकारी बोळात गेला, बुटानं पानं बाजूला केली, खाली वाकला आणि मूठ भरून दारापाशी आला. हातात शेंगदाणे होते, दोन-चार बेदाणे.

"ही इथं जेवायला येत होती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. म्हणूनच तिला ते सहन झालं नाही.

"मी घालत होते," ती म्हणाली. "सतरा दिवस. मला चित्र काढायचं होतं."

त्यानं लिहून घेतलं. पुढे कोर्टाची नोटीस आली, दंड झाला, तो तिनं निमूट भरला. ते सोपं होतं. अवघड होतं ते दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात. सावनी कॉफी आणायला गेल्यावर तिनं देवदत्तला सांगून टाकलं. शेंगदाणे, गूळ, सगळं. त्यानं ऐकलं आणि बँडेजमधलं तोंड भिंतीकडे फिरवलं. पेन्सिलचं मात्र तिनं सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी तो घरी आला. सावनी परत गेली. एका दुपारी वसुधा औषधं आणायला गेली असताना त्याला ती वही सापडली. ती आली तेव्हा तो डायनिंग टेबलाशी बसला होता, शेवटचं पान समोर उघडं. चार-पाच जोरकस रेघा, मोडलेल्या टोकाचा काळा ठिपका. खाली तारीख. आणि वेळ, सात बेचाळीस. अॅम्ब्युलन्सची वाट बघताना, रक्तानं बरबटलेल्या बोटांनी, सवयीनं, तिनं ती कधी लिहिली हे तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. अंगठ्याचा तपकिरी ठसा मात्र शेजारीच होता.

"मी हाक मारत होतो," देवदत्त म्हणाला.

"हो."

"ऐकू येत होतं तुला?"

ती खोटं बोलू शकली असती. "येत होतं. पाच सेकंद असतील," म्हणाली.

तो उठला. गराजमध्ये गेला. भिंतीवरची हातोडी त्यानं डाव्या हातानं काढली, उजवा गळ्यात लटकलेला होता. सहा टाइल्स फळीवर ओळीनं मांडलेल्या होत्या. पहिला घाव कोल्ह्यावर पडला. टाइल फुटल्यावरही तो तिथंच हाणत राहिला, भुगा होईपर्यंत. मग ससाणा. मग हरीण. डावा हात सरावाचा नव्हता, निम्मे घाव फळीवर पडत होते, लाकडाच्या ढलप्या उडत होत्या. एक धारदार तुकडा त्याच्या कपाळाला लागून रक्त आलं. त्यानं पुसलं नाही. वसुधा दारात उभी राहिली. त्याचा हात धरला नाही. सहावी फुटल्यावर तो मटकन स्टुलावर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. ती जवळ गेली तेव्हा त्यानं हातोडी उगारली.

"जवळ येऊ नकोस."

ती नाही गेली.

थँक्सगिव्हिंग झालं, बर्फ पडलं. घरात कामापुरतं बोलणं होई. गोळी घेतली का, डॉक्टर कधी, एवढंच. डोनाला वसुधानं फोन करून सगळं खरं सांगितलं आणि काम सोडते म्हणाली. डोनानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वसंत ऋतूपर्यंत थांबते मी."

जानेवारीत वसुधानं पुन्हा माती मळली. काम मिळावं म्हणून नाही, दुसरं काही करता येईना म्हणून. बाकीच्या सहांची कच्ची चित्रं होती, त्यावरून त्या टाइल्स पुन्हा उठल्या. शेवटी तिनं अस्वल घेतलं. चाळीस पानं खाणाऱ्या अस्वलाची होती. ती तिनं बाजूला ठेवली आणि शेवटचं पान समोर लावलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी मागे पावलं वाजली. देवदत्त आत आला होता. भट्टीच्या उबेला आल्यासारखं दाखवत. बराच वेळ तो ओल्या मातीतल्या अस्वलाकडे बघत राहिला.

"चूक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"भार. तू चारी पायांवर सारखा दिलायस. तसा नव्हता." त्यानं चष्मा सारखा केला. आयुष्यभर पुलांखाली उभं राहून भेगा दाखवणारा माणूस. "सगळं वजन पुढच्या डाव्या पायावर होतं. उजवा मोकळा होता. त्यानंच तर मारत होतं. आणि डोकं असं सरळ खाली नाही. तिरपं. कान माझ्या गालाला लागत होता."

वसुधानं हातातली कोरणी खाली ठेवली. "दाखवता?" एवढंच म्हणाली.

त्यानं तिला खाली बसवलं, सिमेंटच्या जमिनीवर. मग आडवं व्हायला सांगितलं. गुडघे टेकून तो तिच्यावर वाकला आणि डावा तळवा तिच्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली ठेवला. हलका ठेवला, मग दाबला. आणखी दाबला. तिचा श्वास अडकला. स्क्रू बसवलेला उजवा हात हवेत होता. त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यावर, कापलेला कान, डोक्यावरून भुवईपर्यंत आलेला गुलाबी व्रण. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिला चाळीस वर्षांत दिसलं नव्हतं. एक क्षण तिला खरंच भीती वाटली.

"असं," तो म्हणाला. "कळलं?"

"कळलं."

त्यानं हात काढला. तिच्या छातीवर पाच बोटं उमटली होती, ती आठवडाभर निळी राहिली. उठून तिनं अस्वलाचे पुढचे पाय माती कापायच्या तारेनं कापून काढले आणि नव्यानं लावले. तो स्टुलावर बसून सांगत राहिला. खांदा अजून वर. नाही, एवढा नाही. त्या संध्याकाळी दोघांनी एका टेबलावर बसून वरण-भात खाल्ला.

एप्रिलमध्ये टाइल्स बसल्या. ट्रस्टच्या बैठकीत अस्वलावरून वाद झाला म्हणे. एकीला ते भयानक वाटलं. अस्वल तिरपी मान खाली घालून एका पायावर सगळा भार देऊन उभं आहे, उजवा पंजा उचललेला, आणि त्याच्या पायाखाली काहीच नाही, नुसती सपाट हिरवी झिलई. डोना अडून बसली आणि ते राहिलं.

टाइल्स खुल्या करायच्या समारंभाला देवदत्त आला, पण दारातूनच पाहून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. यतीन त्याच्याशेजारी बसून क्रिकेटवर बोलत राहिला. काकांना आत चला म्हणून आग्रह करायचा नसतो, हे त्या पोराला कळत होतं.

घरी अजून तो मधूनच विचारतो. भाजी चिरताना, टीव्ही चालू असताना. "पाच सेकंद म्हणजे किती गं, वसुधा?"

सुरुवातीला ती कारणं द्यायची. आता देत नाही. "हात थांबला नाही हो," म्हणते. "मला थांबवता आला असता. मी थांबवला नाही."

"मी माफ केलेलं नाहीये."

"माहीत आहे."

मग तो रिमोट तिच्याकडे सरकवतो आणि म्हणतो, बातम्या लाव.